विद्यापीठ विचारांना वळण लावतं ते अभ्यासक्रमातून की प्रश्नपत्रिकेतून?

टिपणवही

विद्यापीठांनी आपल्या विचार करण्याच्या पद्धतीवर काय परिणाम केला हा विषय निघाला की चर्चा लगेच अभ्यासक्रमावर घसरते. कोणतं पुस्तक लावलं, कोणता विचारवंत वगळला, वगैरे. माझ्या मते डोक्याला खरं वळण लागतं ते परीक्षा कशी घेतली जाते यावरून. पुस्तकं दर पाच-सात वर्षांनी बदलतात. तीन तासांची लेखी परीक्षा, नेमलेलं पुस्तक आणि मुद्दे मोजून गुण ही चौकट मात्र पिढ्यानपिढ्या टिकते, आणि तिच्यात मावेल तेवढाच विचार करायची सवय अंगात मुरते.

मुंबई विद्यापीठाचं उदाहरण घेऊ. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर (हिंदुस्थानातल्या शिक्षणाचं धोरण ठरवणारा सरकारी दस्तऐवज) १८५७ साली कलकत्ता (२४ जानेवारी), मुंबई (१८ जुलै) आणि मद्रास (५ सप्टेंबर) अशी तीन विद्यापीठं झाली. त्यांच्यापुढे नमुना होता तो लंडन विद्यापीठाचा, ऑक्सफर्ड-केंब्रिजचा नव्हे. १८३६ ची सनद मिळालेलं लंडन विद्यापीठ तेव्हा स्वतः शिकवत नव्हतं. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने. मुंबईत हेच आलं. फोर्टमधल्या आवारात आधी दीक्षान्त सभागृह उभं राहिलं (१८७४), मग ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर (१८७८). म्हणजे पदवी द्यायची जागा तयार होती, पण विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन विभाग सुरू व्हायला साठ वर्षं गेली. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आले, ते या बदलाच्या सुरुवातीला. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना प्राध्यापक नेमायची मुभा दिली होती, तरी इतका वेळ लागला.

शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळा झाला की काय होतं ते टप्प्याटप्प्याने पाहा. कराचीचं डी. जे. सिंध कॉलेज, कोल्हापूरचं राजाराम, पुण्याचं डेक्कन, सगळ्यांना एकच पेपर. पेपर काढणाऱ्याने विद्यार्थ्याला कधी पाहिलेलं नाही आणि वर्गात काय बोललं गेलं हेही त्याला ठाऊक नाही. मग प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर प्रत्येक कॉलेजात नक्की शिकवलं गेलं असेल, म्हणजेच नेमलेल्या पुस्तकातला. तपासणारे अनेक, त्यांच्या गुणांत फार तफावत नको, म्हणून उत्तराचे मुद्दे आधीच ठरवायचे. विद्यार्थी यातून एकच गोष्ट शिकतो: उत्तर कुठेतरी आधीच तयार आहे, आपण ते फक्त पोचवायचं आहे. ही सवय पदवीनंतरही सुटत नाही. कचेरीत टिपण लिहिताना, वर्तमानपत्रात लेख लिहिताना ती दिसते.

यावर लगेच येणारा आक्षेप म्हणजे १८६२ च्या पहिल्या तुकडीचं काय? महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे चौघे याच परीक्षेतून बी.ए. झाले आणि त्यांनी चौकटीबाहेरचा विचार केलाच. खरं आहे. पण त्यांची घडण परीक्षेबाहेर झाली. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या परिसरात १८४८ पासून विद्यार्थ्यांची साहित्य आणि शास्त्रविषयक सभा होती. तिथे निबंध वाचायचा आणि त्यावर सगळ्यांसमोर प्रश्नांना तोंड द्यायचं, असा रिवाज होता. दादाभाईंसारखी माणसं त्यात वावरली. पुढे पुण्यात १८७५ ची वसंत व्याख्यानमाला हेच काम शहरासाठी करत होती. विद्यापीठाच्या आत मात्र हद्दी कडक होत्या. रानड्यांनी एका निबंधात मराठी राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली तेव्हा एल्फिन्स्टनचे प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबवली, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

परीक्षेचं रूप एका देशाची विद्याच कशी अडवून ठेवतं आणि सोडवतं, याचा सर्वांत स्पष्ट दाखला केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉसचा, म्हणजे तिथल्या पदवी परीक्षेचा. मुळात ही तोंडी वादाची परीक्षा. विद्यार्थ्यांचा क्रम लावायचा म्हटल्यावर ती हळूहळू लेखी झाली, कारण तोंडी वादातून पहिला कोण आणि सतरावा कोण हे ठरत नाही. १८५४ साली या परीक्षेत आठ दिवसांत सोळा पेपर होते, एकूण साडेचव्वेचाळीस तास आणि २११ प्रश्न. भागाकार करा, एका प्रश्नाला सरासरी तेरा मिनिटंही येत नाहीत. तेरा मिनिटांत सुटेल असंच गणित तिथे वाढलं. युक्तीचं, हाताच्या वेगाचं. त्यासाठी खासगी शिकवण्या उभ्या राहिल्या आणि घड्याळ लावून प्रश्न सोडवण्याचा सराव सुरू झाला. त्याच काळात जर्मनी-फ्रान्समध्ये विश्लेषणाचा पाया नव्याने रचला जात होता, आणि तो केंब्रिजपर्यंत उशिरा पोचला. आपले रँग्लर परांजपे १८९९ साली या यादीत पहिल्या क्रमांकावर (विभागून) आले, याचं अप्रूप रास्तच आहे. दहा वर्षांनी, १९०९ नंतर, केंब्रिजने क्रमवार यादी बंद केली.

आता उलट बाजू. कलनगणितातल्या (कॅल्क्युलस) न्यूटनच्या ठिपक्यांच्या चिन्हपद्धतीला केंब्रिज शंभर वर्षं चिकटून होतं. १८१२ मध्ये बॅबेज, हर्शेल आणि पीकॉक यांनी मंडळ काढलं, भाषांतरं केली, तरी फार काही हललं नाही. १८१७ मध्ये पीकॉक परीक्षेचे मॉडरेटर, म्हणजे पेपर काढणारे, झाले आणि त्यांनी प्रश्नपत्रिकेतच लायबनित्सची चिन्हं वापरली. ओरड झाली. १८१९ मध्ये त्यांनी पुन्हा तेच केलं. प्रश्न त्या चिन्हांत येणार म्हटल्यावर शिकवणीवाल्यांना ती शिकवणं भाग पडलं, आणि थोड्याच वर्षांत जुनी पद्धत मागे पडली.

म्हणून प्रश्न असा: आपल्याकडे आज कोणाच्या हातात काय बदलण्यासारखं आहे? अभ्यासमंडळावर असणाऱ्यांनी, पेपर काढणाऱ्यांनी, प्रयोगशाळा चालवणाऱ्यांनी नेमकं लिहावं ही विनंती.

---

सज्जा

लेख आवडला. तोंडी वादाचा उल्लेख तुम्ही ओझरता केलात, तो जरा उलगडतो, कारण तो प्रकार मोकळ्या गप्पांचा अजिबात नव्हता. त्याचे नियम होते.

तेराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये गुरू आधी प्रश्न जाहीर करी. प्रश्न "होय की नाही" या स्वरूपाचाच लागे. पहिल्या दिवशी एक विद्यार्थी उत्तरपक्ष सांभाळी आणि बाकीचे आक्षेप घेत. नंतरच्या बैठकीत गुरू सगळे आक्षेप क्रमाने मांडून निर्णय देई आणि मग प्रत्येक आक्षेपाला वेगळं उत्तर देई. निर्णय दिला म्हणजे काम संपलं असं नव्हतं, एकही आक्षेप अनुत्तरित ठेवून चालत नसे. वर्षातून दोनदा, नाताळापूर्वी आणि ईस्टरपूर्वी, कोणीही कोणताही प्रश्न विचारावा अशी खुली सभा भरे.

आपल्या पाठशाळांमधली मीमांसेची अधिकरणाची (एकेका वादप्रश्नाच्या चर्चेची) मांडणी याच घडणीची आहे: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त, संगती. यात पूर्वपक्ष दुबळा मांडला तर तो मांडणाऱ्याचा दोष समजला जातो. विरोधकाची बाजू त्याच्याहून चांगली मांडता आली पाहिजे, ही अपेक्षा मांडणीतच आहे.

मात्र दोन्हीकडे कुंपण होतं. आधारग्रंथ प्रमाण. पॅरिसच्या बिशपने १२७७ मध्ये २१९ विधानं निषिद्ध ठरवली, म्हणजे काय वादात घ्यायचं तेही वरून ठरत होतं. आणि पाठशाळेत कोणाला बसू द्यायचं हे जातीवरून ठरत होतं. वादाची रीत उत्तम, पण वादाला बसणारे मूठभर. ही बाजू सोडून जुन्या पद्धतीचं गुणगान करू नये.

---

कोरडी शाई

सज्जा यांच्या शेवटच्या परिच्छेदावरूनच पुढे जातो. टिपणवही, तुमच्या मांडणीत एक मोठी बाजू सुटली आहे. केवळ परीक्षा घेणारं विद्यापीठ हा दोषच आहे असं तुम्ही धरून चाललात.

१८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेलं निवेदन बघा. सरकारी पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो आणि ज्या रयतेच्या कष्टातून तो येतो तिच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च होत नाही, हा त्याचा गाभा सर्वांना माहीत असतो. पण त्यातच त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे. मुंबई विद्यापीठाने खासगी अभ्यास करणाऱ्यांना प्रवेश परीक्षेला बसू दिलं याबद्दल समाधान व्यक्त करून, बी.ए., एम.ए.लाही हीच सवलत द्यावी अशी मागणी त्यांनी केली. म्हणजे कॉलेजची फी, शहरातलं राहणं, वसतिगृहातला पंक्तिभेद या सगळ्याला वळसा घालून पदवीपर्यंत जाणारी वाट त्यांना परीक्षेच्या दालनात दिसत होती.

लंडननेही १८५८ च्या नव्या सनदेने वैद्यक सोडता कॉलेजची अट काढून टाकली आणि कोणालाही परीक्षेला बसू दिलं. मुंबईने मात्र संलग्न कॉलेजचं प्रमाणपत्र धरून ठेवलं. आपण लंडनचा नमुना घेतला आणि त्यातला सर्वांत मोकळा भाग सोडून दिला.

उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, फक्त बैठक क्रमांक असतो. तपासणाऱ्याला आडनाव दिसत नाही. तोंडी परीक्षेत, चर्चेत, सेमिनारमध्ये ते दिसतं आणि उच्चारही ऐकू येतात. लेखी परीक्षेची चौकट विचाराला आखडती ठेवते हे मान्य, पण ज्यांना आतच घेतलं जात नव्हतं त्यांना तिनेच आत आणलं. पुढची चर्चा करताना हे विसरू नये.

---

टिपणवही

कोरडी शाई, हा मुद्दा मूळ लेखात यायलाच हवा होता आणि त्याने माझी मांडणी बदलते. म्हणजे प्रश्न "लेखी की तोंडी" असा राहत नाही. ओळख झाकून विचार कसा तपासायचा, असा होतो.

---

नदीकाठ

सेमिनारबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

सेमिनार ही जर्मन विद्यापीठांतली घडण. ग्योटिंगेनला अठराव्या शतकात भाषाशास्त्राचा सेमिनार सुरू झाला, पुढे बर्लिनमध्ये (स्थापना १८१०) रांके यांनी इतिहासासाठी तो वापरला. काम असं चाले: दहा-बारा विद्यार्थी, एक लांब टेबल, समोर मूळ कागद. प्रत्येकाने एका कागदावर टिपण लिहून आणायचं, ते आधी इतरांना द्यायचं, एकाला त्यावर टीका करायचं काम ठरवून दिलेलं. गुरू शेवटी बोलायचा. याच सुमाराला गीसेनमध्ये लीबिग यांनी रसायनाची प्रयोगशाळा विद्यार्थ्यांना खुली केली. दोन्हींत विद्यार्थ्याच्या हाती असा ऐवज दिला जातो ज्याचं उत्तर गुरूलाही आधी माहीत नसतं.

याचं आपल्याशी थेट नातं आहे. डॉ. आंबेडकर एल्फिन्स्टनमधून बी.ए. होऊन १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातल्या जातींविषयीचा निबंध वाचला तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. जातीची घडण आणि प्रसार आंतरजातीय विवाहबंदीतून समजावणारी मांडणी पंचविशीतल्या विद्यार्थ्याने तिथे केली. मुंबईच्या तेव्हाच्या कोणत्याही पेपरात असा प्रश्न बसला नसता, कारण त्याचं उत्तर नेमलेल्या पुस्तकात नव्हतं. बुद्धी तीच होती, ती वापरायची जागा बदलली.

मुंबईत हा प्रकार गेडिस आणि १९२४ पासून घुर्ये यांच्या विभागात रुजला. घुर्ये केंब्रिजहून आलेले, विद्यार्थ्याला एक समूह किंवा एक प्रथा नेमून देत आणि प्रबंध करवून घेत. इरावती कर्वे त्यांच्याकडे एम.ए. झाल्या आणि बर्लिनला गेल्या. तिथे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. कवट्यांच्या मोजमापातून वंशभेदाचा त्यांचा अंदाज खरा ठरत नाही, असा निष्कर्ष इरावतीबाईंनी प्रबंधात मांडला. स्वतःच्या मार्गदर्शकाविरुद्ध आकडे ठेवायचे आणि तरी पदवी मिळायची, हे प्रबंधाच्या पद्धतीतच शक्य होतं.

---

खडूफळा

पेपर काढणाऱ्यांकडून नेमकं मागितलंत म्हणून सविस्तर लिहितो. संलग्न कॉलेजांचा पेपर काढताना काय बिघडतं आणि कुठे दुरुस्त होतं ते असं.

आधी पर्याय. "पाचपैकी कोणतेही तीन सोडवा" असा पेपर आणि पाच घटकांवर एकेक प्रश्न, असं असेल तर दोन घटक विद्यार्थी उघडतच नाही. त्यापेक्षा प्रत्येक घटकात "अ किंवा ब" ठेवावं. तरीही अ आणि ब एकाच दर्जाचे हवेत. नेहमी होतं ते असं की अ विचार करायला लावणारा आणि ब पाठांतराचा. मग ९० टक्के उत्तरपत्रिकांत ब दिसतो, आणि अभ्यासमंडळ म्हणतं की विद्यार्थ्यांना विचारप्रधान प्रश्न जमत नाहीत. पेपरने त्यांना तसं वागायला सांगितलेलं असतं.

मग क्रियापदं. अभियांत्रिकीत तर प्रत्येक प्रश्नासमोर अध्ययन निष्पत्तीचा क्रमांक आणि ब्लूमची पातळी (नुसतं आठवण्यापासून वर चढत जाणारी विचाराची पायरी) लिहायची पद्धत आता रुळली आहे. ब्लूमची वर्गवारी १९५६ ची, सुधारित रूप २००१ चं. कल्पना चांगली आहे. घोटाळा असा होतो की प्रश्न तोच ठेवून "सांगा"च्या जागी "विश्लेषण करा" घातलं जातं आणि रकान्यात पातळी चार लिहिली जाते. उत्तर गाईडमध्ये जसंच्या तसं असेल तर ती पातळी पहिलीच, क्रियापद कोणतंही असो.

एक प्रश्न दुरुस्त करून दाखवतो. विषय आपल्याच धाग्यातला.

मूळ: "वुडच्या खलित्यातल्या तरतुदी सांगा." दहा गुण. पाच तरतुदी, प्रत्येकी दोन.

रंगसफेदी केलेला: "वुडच्या खलित्याचं चिकित्सक विश्लेषण करा." उत्तरपत्रिकेत त्याच पाच तरतुदी आणि शेवटी दोन ओळी गुणदोषांच्या.

बदललेला: खलित्यातला आठ ओळींचा उतारा आणि फुल्यांच्या निवेदनातला आठ ओळींचा उतारा पेपरातच छापायचा. प्रश्न: "फुल्यांची तक्रार खलित्याविरुद्ध आहे की खलित्याच्या अंमलबजावणीविरुद्ध? दोन्ही उताऱ्यांतली वाक्यं दाखवून ठरवा." दहा गुण असे: भूमिका स्पष्ट लिहिली १, प्रत्येक उताऱ्यातलं योग्य वाक्य निवडलं २ आणि २, त्या वाक्यातून भूमिका कशी निघते हे सांगितलं ३, विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट पुरावा कोणता ते ओळखलं २. यात कोणती भूमिका घेतली याला गुण नाहीत. सज्जा यांनी सांगितलेल्या पूर्वपक्षाची जागा त्या शेवटच्या दोन गुणांत आहे.

हा प्रश्न कुठे फसतो तेही सांगतो. उतारा पंधरा ओळींच्या वर गेला की मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचा वेळ इंग्रजी उतारा वाचण्यातच जातो, म्हणून उतारा दोन्ही भाषांत छापायला हवा. दुसरं, तोच उतारा दुसऱ्या वर्षी आला की प्रश्नसंचात त्याचं तयार उत्तर येतं. म्हणून उताऱ्यांचा साठा हवा. दरवर्षी दोन लागतात असं धरलं तर सुरुवातीलाच बारा-पंधरा काढून ठेवावेत. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, केंद्रीय तपासणीत तपासणाऱ्याला गुणांची ही फोड पहिल्या दिवशी समजावून सांगितली नाही तर तो सवयीने "मुद्दे" मोजतो आणि मेहनत वाया जाते. त्यासाठी पाच उत्तरपत्रिका सगळ्या परीक्षकांनी स्वतंत्रपणे तपासायच्या आणि मग गुण शेजारी ठेवायचे. दहापैकी दोनपेक्षा जास्त तफावत आली तर तपासणी सुरू करायची नाही, आधी बोलायचं. यात अर्धा दिवस जातो, पण पुनर्मूल्यांकनाचे अर्ज कमी होतात.

सुरुवात करायची तर १०० गुणांच्या पेपरात असा एकच प्रश्न ठेवा, पण सक्तीचा. पर्यायात ठेवलात तर काहीही बदलणार नाही.

---

पाऊलवाट

खडूफळा, सक्तीचा असावा याला पूर्ण पाठिंबा. पीकॉकचा दाखला तेच सांगतो, चिन्हं पर्यायी ठेवली असती तर कोणी शिकली नसती.

---

चंचुपात्र

विज्ञान शाखेबद्दल. लीबिगच्या प्रयोगशाळेतून आपण खोली आणि उपकरणं आणली, न माहीत असलेलं उत्तर मात्र मागे ठेवलं.

लंबकाचा प्रयोग घ्या. एक मीटर लांबी, आवर्तकाल साधारण दोन सेकंद, वीस आंदोलनांना चाळीस सेकंद. स्टॉपवॉच दाबण्यात ०.२ सेकंदाची चूक सहज होते, म्हणजे अर्धा टक्का. गुरुत्वत्वरणाच्या सूत्रात काळाचा वर्ग आहे, म्हणून उत्तरात एक टक्का, म्हणजे ०.१ चा फरक. प्रामाणिक वाचन ९.७ ते ९.९ मध्ये कुठेही येईल. पण जर्नलमध्ये (प्रयोगवहीत) बहुतेकांचं उत्तर ९.८ च येतं, कारण उत्तर आधी लिहून वाचनं मागून भरली जातात. जर्नल तपासताना "उत्तर बरोबर" म्हणून सही होते. तीन वर्षं हेच केलं की मोजमापापेक्षा छापील आकडा मोठा, हे पक्कं होतं.

यावर खर्च न करता उपाय आहे. लंबकाचा दोरा वर पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात टांगायचा, म्हणजे खरी लांबी दिसत नाही. खोक्याच्या तळापासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर तेवढं मोजता येतं. हे अंतर दर वेळी दहा सेंटिमीटरने बदलून पाच वाचनं घ्यायची आणि आवर्तकालाचा वर्ग विरुद्ध अंतर असा आलेख काढायचा. रेषेच्या चढावरून गुरुत्वत्वरण निघतं आणि रेषा अंतराचा अक्ष जिथे कापते त्यावरून खोक्यातली लपलेली लांबी. प्रत्येक टेबलावर ती लांबी वेगळी ठेवायची आणि फक्त शिक्षकाच्या वहीत लिहायची. आता विद्यार्थ्याला मागून वाचनं भरता येत नाहीत. गुण लांबी अचूक आली यासाठी कमी आणि मोजमापात किती चूक असू शकते याचा अंदाज किती प्रामाणिकपणे दिला यासाठी जास्त ठेवा. "१२ सेंमी, चूक १ सेंमी" हे उत्तर नुसत्या "१२.३७ सेंमी"पेक्षा चांगलं.

सावधगिरी: खोक्याच्या तळाच्या भोकाला दोरा घासला तर लंबक भोकापासूनच डोलतो आणि लपलेली लांबी शून्य येते. भोक निदान चार-पाच सेंटिमीटर रुंद ठेवा, आंदोलन लहान ठेवा.

रसायनशास्त्रात अज्ञात क्षाराचं पृथक्करण वर्षानुवर्षं आहे आणि तिथे विद्यार्थी खरोखर डोकं चालवताना दिसतात. कारण एवढंच की बाटलीवर नाव नसतं.

---

देवडी

भाषेचा मुद्दा थोडक्यात. मुंबई विद्यापीठाने १८६० च्या दशकात वरच्या परीक्षांतून मराठी काढून अभिजात भाषा ठेवल्या. ती परत आणण्यासाठी रानडे आयुष्यभर झटले आणि जानेवारी १९०१ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या अगदी आधी, एम.ए.ला मराठीची सोय मान्य झाली. जी भाषा परीक्षेत नाही तिच्यात शास्त्रीय गद्य लिहायला कोण बसणार? चाळीस वर्षांची ही पोकळी आजच्या परिभाषेच्या अडचणींतही जाणवते. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेव्हा माध्यम मराठी ठेवलं. त्या पदवीला सरकारची मान्यता नव्हती, ती यायला स्वातंत्र्य यावं लागलं. तोपर्यंत तीस वर्षं ते विद्यापीठ मान्यतेवाचून चाललं, आणि ज्यांना इंग्रजी माध्यमाची परीक्षा बंद होती त्या स्त्रिया तिथून शिकून बाहेर पडल्या.

---

नदीकाठ

आता पुढचं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात सत्राला २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांची पदवी १२० ते १३२, चार वर्षांची १६० ते १७६. एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचं अध्यापन. यात मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला विषय, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे बरेच कप्पे आहेत आणि पुष्कळ विषय दोन क्रेडिटचे, म्हणजे ३० तासांचे. ३० तासांत एखाद्या प्रश्नावर विद्यार्थी टिपण लिहील, त्यावर टीका होईल, तो ते पुन्हा लिहील, याला जागा कुठे? विषय जितके लहान तितका पेपर वस्तुनिष्ठ होत जातो. दोन-दोन क्रेडिटचे दोन विषय जोडून चारचा एक करायची मुभा जिथे स्वायत्त कॉलेजला आहे तिथे ती वापरावी, असं माझं ठाम मत आहे. चौथ्या वर्षातला संशोधन प्रकल्प ही या रचनेतली सर्वांत चांगली गोष्ट आहे. ती नुसती कागद जमा करण्यापुरती सबमिशन होऊ नये.

आणि सबमिशन आता घरून लिहून आणायचं तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून दोन मिनिटांत होतं. त्यामुळे अंतर्गत मूल्यमापनातला लेखी गृहपाठ आज काय मोजतो हा प्रश्न आहे. तोंडी बचाव हवाच. पण ६० विद्यार्थी, प्रत्येकी दहा मिनिटं म्हणजे दहा तास, ३० तासांच्या विषयाचा तिसरा हिस्सा गेला.

---

खडूफळा

चौघांचे गट करा. १५ गट, प्रत्येकी वीस मिनिटं, पाच तास. टिपण प्रत्येकाचं वेगळं, पण एकाच प्रश्नावर. प्रत्येकाने स्वतःच्या नव्हे, शेजाऱ्याच्या टिपणातला सर्वांत कच्चा दुवा दाखवायचा, आणि ज्याचं टिपण त्याने उत्तर द्यायचं. यंत्राने लिहिलेलं टिपण इथे लगेच उघडं पडतं, कारण लेखकाला आपल्याच दुसऱ्या परिच्छेदाचा पहिल्याशी संबंध सांगता येत नाही.

---

कोरडी शाई

आणि ज्याला चारचौघांत बोलायची सवय नाही, ज्याची बोली वेगळी आहे, त्याचं काय? माझा आधीचा आक्षेप इथे लागू होतो.

---

खडूफळा

लागू होतो, म्हणून गुणांची वाटणी तशी हवी. दोन क्रेडिटच्या ५० गुणांपैकी ३० लेखी, बैठक क्रमांकावर, नाव झाकून, वर दाखवला तसा उताऱ्याचा प्रश्न धरून. उरलेल्या २० पैकी १० टिपणाला, तेही नाव झाकून दुसऱ्या शिक्षकाने तपासलेलं. तोंडीला दहाच. त्या दहाचा तक्ता आधी छापून ठेवायचा: शेजाऱ्याचा कच्चा दुवा नेमका दाखवला ४, स्वतःवरच्या आक्षेपाला पुराव्याने उत्तर दिलं ४, आक्षेप बरोबर असेल तर तो मान्य करून विधान दुरुस्त केलं २. बोलण्याची सफाई, इंग्रजी, आत्मविश्वास यांना रकानाच ठेवायचा नाही. बोलायची भाषा विद्यार्थ्याने निवडायची, मराठीत, बोलीत, कशातही. आक्षेप आदल्या दिवशी चिठ्ठीवर लेखी द्यायचा, म्हणजे बुजऱ्या विद्यार्थ्याला उत्तराची तयारी करून येता येतं. दोन परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता आकडे भरायचे आणि खोलीतून विद्यार्थी बाहेर पडायच्या आधी तक्ता बंद करायचा. दोघांत तीनहून जास्त गुणांचा फरक पडला तर त्या विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं पुन्हा बोलवायचं, तिसऱ्या शिक्षकापुढे.

---

कोरडी शाई

लेखी आक्षेप आदल्या दिवशी, हे पटलं. फक्त चिठ्ठीवर आक्षेप घेणाऱ्याचंही नाव नको, क्रमांक असू दे. कोणी कोणावर आक्षेप घेतला यावरून वर्गात गट पडतात. टिपणांचे क्रमांक टाकून विभागाच्या लिपिकाकडे वाटप दिलं तर शिक्षकालाही तोंडी परीक्षेच्या दिवसापर्यंत जोड्या कळणार नाहीत.